दाराच्या पोटातली दोरी

नांगरटीचे दिवस होते. रानं उकरून उघडी पडलेली, ढेकळं उन्हानं पांढरी झालेली. दिवस कासराभर वर आला की वारा सुटायचा आणि त्या ढेकळांची पिठी करून रस्त्यावर आणून ओतायचा. अंथरुणात धुरळा, पाण्याच्या घोटात धुरळा, बोलायला तोंड उघडावं तर दातांखाली धुरळा. अशा दिवसांत गाडीची काच पडावी, तीही ड्रायव्हरच्या बाजूची, आणि तीही दवाखान्याच्या फेरीला!

पुलाच्या अलीकडं, नदीकाठची झाडी लागायच्या आधी, ड्रायव्हरनं बटण दाबलं. समोरून ट्रॅक्टर येत होता आणि त्याच्यामागं धुळीची भिंत. काच चार बोटं वर आली, थरथरली, दारात कुठंतरी काहीतरी ‘कटाक’ झालं आणि विहिरीत पोहरा सुटावा तशी ती सरळ खाली गेली. त्यानं पुन्हा बटण दाबलं. आत मोटार नुसतीच घरघरली. ट्रॅक्टर गेला, आणि त्याची सगळी धूळ खिडकीतून आत येऊन माणसांच्या मांडीवर बसली.

शेजारच्या सीटवर त्याची थोरली बहीण होती. आक्का. तिच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं, आणि दोन महिने झाले, आठवड्यातून तीनदा तिचं रक्त मशीनमधून धुऊन घ्यावं लागत होतं. हातातली शीर त्यासाठी तयार व्हायला अजून अवकाश होता, म्हणून मानेत नळी बसवलेली. नळीवर पांढरी पट्टी. त्या पट्टीवर आक्कानं दोन्ही हात धरले, आणि मग तोंडावर धरायला हात उरला नाही. ती खोकत राहिली. मागच्या सीटवर निवृत्त पोस्टमन होता. त्यालाही हेच दुखणं. त्यानं रुमाल झटकून पुढं दिला.

“धरा ताई. फार स्वच्छ आहे असं नाही, पण ओळखीचा आहे.”

आक्का खोकता खोकता हसली. तिचं असंच होतं. जिवावर आलं तरी जीभ जागेवर. रुमाल तोंडाला लावून, वाऱ्याच्या आवाजावर आवाज चढवून तिनं तिथल्या तिथं जुळवलं:

“माझ्या भावाच्या गाडीला, नाही खिडकीला काच,
वारा म्हणतो बहिणीला, माझ्यासंगं जरा नाच!”

पोस्टमननं मांडीवर थाप मारून दाद दिली. ड्रायव्हर मात्र हसला नाही. दीड तासाच्या रस्त्यातला पाऊण तास अजून उरला होता.

दवाखान्यात नर्सनं पट्टी उचलून पाहिली. पट्टीच्या कडेला मातीची बारीक रेघ बसली होती. ती आक्काला काही बोलली नाही. बाहेर आली, ड्रायव्हरला शोधलं, आणि बाकावर बसलेल्या दहा माणसांसमोर विचारलं, “बहीण सख्खी ना तुमची?”

“सख्खीच.”

“मग? ही नळी सरळ रक्तात जाते. एवढीशी घाण आत गेली तर ताप येईल, आणि हा ताप गोळीनं उतरत नाही. परवा अशीच आणलीत तर दारातूनच परत पाठवीन.” मग तिचा आवाज जरा खाली आला. “परत कसली पाठवते! एक फेरी चुकली तर छातीत पाणी भरेल त्यांच्या. म्हणून म्हणते, काच लावून आणा. माझं ऐका.”

ड्रायव्हरनं मान हलवली. बाकावरची माणसं त्याच्याकडं बघत होती, आणि त्याला आपले हात कुठं ठेवावेत ते कळेना.

परत येताना त्यानं खिडकीला प्लास्टिकचा कागद चिकटवला. पुलावर वाऱ्यानं तो फुगवला, फडफडवला आणि एका दमात फाडून नदीकडं नेला. तोवरही बाजूचा आरसा काही दिसत नव्हताच. दुसरी सोय म्हणजे एसटी, तिच्या निम्म्या खिडक्यांना काच कधी नव्हतीच.

चौफुलीवरच्या गॅरेजात पाय ठेवायला जागा नव्हती. नांगरटीचा हंगाम, सात ट्रॅक्टर पोटं उघडून उभे. मिस्त्री एकाखाली उताणा झोपलेला, नुसते पाय बाहेर. ते पायच बोलले.

“चार दिवसांनी या.”

“परवा सकाळी फेरी आहे.”

“परवा माझ्या बापानं आणली तरी नाही.” मिस्त्री सरपटत बाहेर आला, दाराकडं पाहिलं, बटण दाबून मोटारीची घरघर ऐकली. “केबल गुंतलीय. मोठं काम नाही. वरचं पॅनल निघालं की निम्मं झालं. पण ते तुमच्यानं नाही निघायचं. पुढं दिसतात तेवढे स्क्रू काढतात आणि मग ओढतात, आणि मग इथं येतात, हातात तुकडे घेऊन.”

“वीस वर्षं गाडी चालवतोय मी.”

“चालवता ना. ते येतं तुम्हाला.” बाजूला हवा भरत उभे असलेले दोघं हसले. ड्रायव्हरही हसला. हसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात, भिंतीच्या सावलीत गाडी घेऊन त्यानं कामाला हात घातला. दाराच्या आतल्या बाजूला करड्या प्लास्टिकचं ते एक अखंड पॅनल. वर दार उघडायचा खटका, खाली हात टेकायचा कट्टा, कट्ट्यावर बटणं. दिसत होते तेवढे दोन स्क्रू त्यानं काढले. खालच्या फटीत मोठा पेचकस घातला आणि जोर दिला.

करकन आवाज झाला.

घरात शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं. त्याची बायको शिवणकाम करायची. शाळेचे चाळीस सदरे तिच्या मशीनशेजारी कापून पडले होते. काही फाटलं की तिला तो आवाज तीन खोल्यांपलीकडूनही कळायचा.

ती दारात आली. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. तिनं टाचण्या काढून टेपला टोचल्या.

“काय फाटलं?”

“काही नाही. निघतंय.”

ती जवळ आली. पॅनलच्या खालच्या कोपऱ्याला बोटभर चीर गेली होती. तिनं त्या चिरेवरून बोट फिरवलं, जखमेवरून फिरवावं तसं.

“अहो, हे खेचून नाही निघायचं. शिवलेलं आहे हे.”

“शिवलेलं? प्लास्टिक आहे ते!”

“प्लास्टिक असू दे. ज्यानं बसवलं त्यानं कुठून तरी सुरुवात केली असेल आणि कुठंतरी गाठ मारली असेल. ती गाठ तो पुढं कशाला ठेवेल? आत दुमडून ठेवणार.” ती वाकली, पाहत राहिली. “सरका जरा. उजेड अडवू नका.”

ओट्यावर आक्का उशीला टेकून बसली होती. “सरक बापू,” ती म्हणाली, “उजेडच अडवत आलायस लहानपणापासून.”

बायकोनं आधी हत्याराला हातच लावला नाही. नुसती बघत बसली. खटक्यामागच्या खोबणीत बोट घातलं, कट्ट्याच्या पोकळीत हात घालून तळ चाचपला. डोळे मिटले. ड्रायव्हरला वाटलं, सकाळ चालली. मग तिचं बोट एका जागी थांबलं. खटक्यामागं नखाएवढं झाकण होतं, रंगात रंग मिसळलेलं. तिनं सुईच्या टोकानं ते उचललं. खाली स्क्रू.

“एक गाठ,” ती म्हणाली.

दुसरी कट्ट्याच्या पोकळीत निघाली, धुळीच्या थराखाली. तिसरी आरशाजवळच्या तिकोनी तुकड्यामागं. तो तुकडा तर ड्रायव्हरनं इतकी वर्षं शोभेचा समजला होता. त्या तिकोनाला त्यानं कित्येकदा फडकं मारलं होतं.

“बॅटरीची तार सोडा आधी,” ती म्हणाली. “मशीनचा प्लग काढल्याशिवाय मी सुईला हात लावत नाही.”

त्यानं बॉनेट उघडून तार सोडली. सांगितलेलं काम करताना त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

मग तिनं आतून कापड कापायचा मोठा तपकिरी कागद आणला, ओट्यावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि खडूनं त्यावर दार काढलं. हुबेहूब. खटका, कट्टा, तिकोन, सगळं. जो स्क्रू जिथून निघाला तिथं, त्या खुणेवर तो ठेवला. “उसवताना माल जिथल्या तिथं ठेवला की शिवताना डोकं लागत नाही,” एवढंच बोलली.

पेचकस तिनं बाजूला सारला. आपली लाकडी पट्टी घेतली, तिला जुन्या सदऱ्याची चिंधी गुंडाळली आणि पॅनलच्या फटीत सरकवली. एक क्लिप सापडेपर्यंत पट्टी नुसती फिरत होती, आंधळ्याच्या काठीसारखी. सापडली की ती तिथंच पट्टी टेकवून, दुसऱ्या हाताची बोटं मागं घालून, हलकेच पिळायची. टप्. पुढची. टप्. कडेकडेनं, टाका टाका उसवत गेल्यासारखी ती दार फिरून आली. अकरा क्लिपा. मोडली होती ती एकच, त्याच्या हातानं.

“आता ओढू?” त्यानं विचारलं.

“वर उचला. ओढू नका. काचेच्या फटीत वरून अडकवलंय ते, खुंटीला सदरा अडकवावा तसं.”

त्यानं वर उचललं. एवढं मोठं पॅनल कसलाही आवाज न करता दोघांच्या हातांत आलं. मागून तारा लोंबत होत्या. तिनं बटणांच्या तारांचा प्लग त्याची चिमुकली जीभ दाबून सोडवला, खटक्याची दोरी आकड्यातून काढली आणि पॅनल लेकराला निजवावं तसं ओट्यावरच्या गादीवर निजवलं.

आत आणखी एक पडदा निघाला. पाणी आत येऊ नये म्हणून पातळ प्लास्टिक, काळ्या डिंकानं दाराला चिकटवलेलं. ड्रायव्हरनं नख लावलं तर ते रबरासारखं लांबलं. तिनं हातभर जाड दोरा घेतला, दोन टोकं दोन हातांना गुंडाळली आणि पडद्याआडून तो दोरा करवतीसारखा मागंपुढं ओढत नेला. डिंक गुमान कापत गेला. पडदा अखंड उतरला.

दोराही करवत होतो हे त्याला ठाऊक नव्हतं. वीस वर्षं तो त्या मशीनच्या आवाजात झोपला होता, त्या आवाजात जेवला होता. पण ती हातानं नेमकं काय करते हे त्यानं कधी असं बसून पाहिलं नव्हतं. बाई शिवते, एवढंच. नदी वाहते तसं. आता तो तिच्या बोटांकडं बघत होता. टोकं सुईनं टोचून टोचून खरबरीत झालेली, नखं आखूड, आणि त्या बोटांना डोळे असावेत तशी ती लोखंडाच्या भोकांतून आत जात होती.

“हे बघा,” ती म्हणाली.

दाराचं पोट उघडं होतं. तळाला काच तिरकी पडलेली. मध्ये मोटार, मोटारीला प्लास्टिकची चक्री, आणि त्या चक्रीभोवती पोलादी दोरीचा असा गुंता की मांजरानं लोकरीचा गुंडा खेळून टाकावा.

“बॉबिन आहे हो ही!” तिचा चेहरा एकदम उजळला. “बॉबिनच! खाली कचरा साठला, दोरा सैल पडला, आणि सैल पडला की गुंतला. माझ्या मशीनला महिन्यातून एकदा होतं हे.”

काच जिच्यातून वर-खाली सरकते त्या खोबणीत तिनं बोट घातलं आणि बाहेर काढलं. बोटावर चिखलासारखी घट्ट धूळ. काच त्यातच अडकली होती. मोटार ओढत राहिली, दोरीनं चक्री सोडली.

दोघांनी मिळून काच हातानं वर उचलली, चौकटीला चिकटपट्ट्या लावून टांगली. ड्रायव्हरनं खाली पाहिलं, वर पाहिलं.

“झालं की मग. खालून लाकडाचा ठोकळा मारतो. बसू दे बंद. उद्याचं भागलं.”

“आणि पुलानंतरचे खड्डे? ठोकळा निसटला तर एवढी काच दारात आपटून फुटेल. तुमच्या नि वन्सांच्या अंगावर.” ती मशीनचा ब्रश आणायला उठली होती. जाता जाता म्हणाली, “आणि काज शिवूनच टाकायचं तर गुंडी लावावी कशाला?”

दुपारी वारा उठला. ती आत गेली होती, आक्काला मोजून दिलेलं पाणी आणि गोळ्या द्यायला. कागदाची एक कड दगडाखालून सुटून फडफडली. एक स्क्रू घरंगळला. ड्रायव्हर घाबरून धावला आणि एकही हरवू नये म्हणून त्यानं सगळे स्क्रू, सगळ्या क्लिपा दोन्ही हातांनी गोळा करून एका वाडग्यात टाकल्या. वाडगा मांडीवर घेऊन राखत बसला.

ती बाहेर आली. कागदाकडं पाहिलं. वाडग्याकडं पाहिलं.

“हरवले असते,” तो म्हणाला.

तिनं कागदाची सुटलेली कड पुन्हा दगडाखाली दाबली. आक्काच बोलली. “बापू, पोस्टमनला सांगायला हवं. सगळी पत्रं एकाच घरात टाकणारा माणूस मिळालाय म्हणून.”

त्यानं वाडग्यात बोट फिरवलं. स्क्रू दिसायला सारखेच, पण दोन लांब होते. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर टोक आत काचेला टेकणार, आणि पहिल्याच हादऱ्याला काच तडकणार. हे त्याला आता कळलं, वाडग्यात ढवळून झाल्यावर.

ती समोर बसली. एक स्क्रू उचलला, उजेडाला धरला.

“हा खटक्याचा.”

“कशावरून?”

“डोकं कसं तेलकट झालंय बघा. रोज तुमचं बोट घासतंय झाकणाला. फटीतून तेल उतरलंय.” दुसरा. “हा कट्ट्याच्या पोकळीतला. खाचेत चहा वाळलाय.” तिसऱ्याच्या आट्यांना तांबूस गंज होता. “हा तिकोनातला. पावसाळ्यात तिथून पाणी झिरपत असणार. आणि हे दोन लांब, पुढचे. तुम्ही काढलेत ना? खाच बघा, पेचकस घसरून चिरडलीय.”

एकेक करून ती स्क्रू खडूच्या दारावर मांडत गेली, आणि ड्रायव्हर बघत राहिला. नऊ वर्षं त्यानं ही गाडी वापरली होती. त्याचा घाम, त्याचा चहा, त्याचे पावसाळे त्या स्क्रूंवर लिहून ठेवलेले होते, आणि त्याला वाचता येत नव्हते. तिला येत होते. तिनं हा दरवाजा जन्मात आज पहिल्यांदा उघडला होता.

मोटार बाहेर काढून तिनं गुंता सोडवला. घाई नाही, ओढाताण नाही. दोरी कुठं सैल आहे ते शोधायची, तिथून एक वेढा मोकळा करायची, मग पुढचा. दोरीला दोन ठिकाणी पीळ पडला होता, पण तुटली नव्हती. खोबण ब्रशनं घासून झाली. आता चक्रीवर दोरी पुन्हा गुंडाळायची.

“कुठून कुठं?” तिनं विचारलं. “मला वाटतं अशी, डावीकडून. दोरीला मोड त्या बाजूचा आहे.”

“नाही नाही. उजवीकडून. मोटारीचं मला माहितीय.”

तिनं त्याच्याकडं क्षणभर पाहिलं. “बघा हं. गाडी तुमची.”

त्यानं सांगितलं तशी तिनं गुंडाळली. मोटार आत बसली, काच दोन बोल्टांनी दोरीच्या पकडीला जोडली, पॅनल दाराशी टेकवून बटणांचा प्लग जोडला, बॅटरीची तार लागली. त्यानं वरचं बटण दाबलं. काच डौलात खाली गेली. खालचं दाबलं. ती वर आली आणि कुरकुरत थांबली.

ओट्यावरून आक्कानं टाळी वाजवली. “वर जा म्हटलं की खाली जाते! आपल्याच घराण्यातली निघाली.”

ड्रायव्हर पायरीवर बसला. ऊन कलायला लागलं होतं. कानांत वारा, अंगभर माती. उद्या पहाटे निघायचं, आणि त्याच्या एका शब्दापायी दुपार फुकट गेली होती. आत शाळेचे चाळीस सदरे तसेच पडून होते. “चुकलं माझं,” असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण तो शब्द त्या घरात फारसा वापरातला नसल्यानं लवकर सापडेना.

तिनं बोल्ट सोडायला घेतलेसुद्धा. “तोंड काय पाडताय? मी दिवसाला चार बाह्या उसवते. चला, काच धरा.”

“तुला माहीत होतं. मग बोलली का नाहीस?”

“बोलले की एकदा.”

“दोनदा बोलायचंस.”

“दोनदा बोलले असते तर तुम्ही तीनदा बोलला असता,” ती म्हणाली, आणि हसली. मग तोही हसला, आणि काच दोघांच्या हातांत हलली.

या खेपेला त्यानं दोरीचं टोक ताणून धरलं आणि तिनं गुंडाळलं. डावीकडून. वेढ्याशेजारी वेढा, एकावर एक नाही. तो ताणायचा तेवढंच करत होता, पण ताण कमी-जास्त झाला की ती न बघताच म्हणायची, “सैल.” “आता घट्ट झाला.” “हं, असाच.” त्या ‘असाच’साठी त्याचा हात दुखायला लागला तरी त्यानं हलवला नाही.

बटण दाबलं. काच वर गेली. खाली आली. वर गेली.

आक्कानं मानेवरच्या पट्टीला सांभाळत मान वळवली आणि दुसरीकडं बघत डोळे पुसले. धुरळा होता म्हणाली.

पडदा त्याच डिंकावर दाबून बसला. चीर गेलेल्या कोपऱ्याला तिनं सुई चुलीवर लाल करून सहा भोकं पाडली आणि मेण लावलेल्या काळ्या दोऱ्यानं तीन टाके घातले. मोडलेल्या क्लिपेच्या जागी आतून जाड पट्टीचा फास. मग पॅनल वरून अडकवलं, कडेकडेनं तळहातानं थापटत नेलं. टप्, टप्, टप्. शेवटचा स्क्रू खटक्यामागं गेला, झाकण बसलं. अंगणात अजून उजेड होता. तिनं हात धुतले आणि सदरे शिवायला बसली.

सकाळी निघताना ड्रायव्हरनं काच वर चढवली आणि मनाशी ठरवलं, आता या बटणाला बोट लावायचं नाही. वर आहे, वर राहू दे. पुलावर वाऱ्यानं गाडीला धक्के दिले. नांगरलेल्या रानांवरून धूळ लाटेसारखी आली, काचेवर आपटली, घसरली, मागं गेली. आत नुसता सर्रर्र आवाज. पोस्टमननं रुमाल बाहेर काढला, पाहिलं, परत खिशात ठेवला. आक्का बोलत नाही म्हणून ड्रायव्हरनं वळून पाहिलं तर ती झोपली होती. मान बाजूला कललेली, पट्टी पांढरीशुभ्र. दोन महिन्यांत गाडीत ती पहिल्यांदा झोपली होती.

नर्सनं पट्टी उचलली, खाली ठेवली. बाहेर येऊन त्याच बाकासमोर म्हणाली, “हं. आता कसं!” आणि जाता जाता, “कुठल्या मिस्त्रीनं केलं?”

बाकावर आजही माणसं होती. “बायकोनं,” तो म्हणाला. कुणीतरी हसलं. त्यानं त्या माणसाकडं पाहिलं आणि हात पुढं करून, तपकिरी कागद, खडू, दोऱ्याची करवत, सगळं सांगायला सुरुवात केली. चार तास काढायचे होते, आणि सांगण्यासारखं पुष्कळ होतं. स्क्रू गोळा करून वाडग्यात कुणी टाकले तेही त्यानं गाळलं नाही.

परतीच्या वाटेवर आक्काचा चेहरा नेहमीसारखा उतरला होता. रक्त धुऊन आलं की ती पिळून काढलेल्या कपड्यासारखी व्हायची. पूल ओलांडला, नदीकाठची झाडी लागली. तिथं रान नव्हतं, धूळ नव्हती, नुसती सावली आणि ओलसर गार वारा.

“बापू, तुझ्याकडची काच खाली घे जरा. माझ्याकडची उघडली तर वारा थेट पट्टीवर येतो.”

त्यानं ऐकलं नाहीसं केलं.

“अरे, गुदमरतंय मला. इथं कुठाय धुरळा?”

“ताई म्हणतायत तर घ्या की,” मागून पोस्टमन.

ड्रायव्हरचं बोट बटणाशी गेलं आणि थांबलं. खाली गेली आणि वर नाही आली तर? पुढं अजून पाऊण तासाची उघडी रानं होती. त्यानं आक्काकडं पाहिलं. तिला सगळं कळलं होतं.

“तुझ्या कामावर विश्वास नसेल तर नको घेऊस,” ती डोळे मिटूनच म्हणाली. “पण तुझं कुठंय ते? तू नुसता दोरी धरून उभा होतास.”

त्यानं बटण दाबलं. काच उतरली. नदीवरचा वारा आत आला आणि आक्काच्या कपाळावरच्या पांढऱ्या केसांत शिरला. तिनं तोंड वर केलं, तहानलेलं माणूस पाण्याला करतं तसं. झाडीतून जातानाची दोन मैलांची ती वाट ड्रायव्हरनं जेवढ्या हळू नेता येईल तेवढ्या हळू नेली.

मग झाडं विरळ झाली. समोर ऊन, पांढरी रानं, आणि वळणावरून येणारा ट्रॅक्टर, मागं धुळीची भिंत घेऊन. पोस्टमननं पुढं वाकून पाहिलं. आक्कानं पट्टीवर हात ठेवले.

ड्रायव्हरनं बोट टेकवलं. घाई केली नाही, ओढाताण केली नाही. हलकेच दाबलं आणि दाबून धरलं.

दाराच्या पोटात दोरी ताणली गेल्याचं त्याला तळहातात कळलं. वेढ्याशेजारी वेढा बसत गेला. काच वर आली, आणखी वर आली, चौकटीत जाऊन टेकली, आणि ट्रॅक्टरची धूळ त्या काचेवर हात फिरवून निघून गेली.